बोटभर उघडी रेघ

१

गेरू वाटायला बसलं की घाई करू नये. पाट्यावर ओंजळभर गेरू घ्यावा, डिंकाचं पाणी थेंबाथेंबानं सोडावं आणि वरवंटा फिरवत राहावा. मधूनच चिमूटभर बोटांत घेऊन चोळून बघावं. कणी लागली की पुन्हा वाटायचं. माझ्या रंगात कणी सापडली तर कुंचला नाग नदीत टाकीन, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. कुंचला अजून माझ्याजवळच आहे.

मी अंजनाबाई. नागपुरात हुडकेश्वरला राहते, स्वतःच्या घरात. डोंगरातल्या कपारींत फार जुन्या माणसांनी दगडावर काढलेली चित्रं असतात. ती मी उतरवून आणते आणि कापडावर तेवढ्याच आकारात पुन्हा काढते. हे मला कुणी शिकवलं नाही. शाळा चौथीत सुटली. मग बापाच्या हाताखाली दुकानांच्या पाट्या रंगवल्या, दुकानांच्या काचा रंगवल्या. ‘येथे शिलाई मशीन दुरुस्त होईल’ हे मी इतकं वळणदार लिहायची की लोक चांगली चालती मशीन घेऊन यायचे. पुढे एकदा महिला मंडळाची सहल सातपुड्यात गेली. बाकीच्या बाया डबे सोडून बसल्या आणि मी कपारीत एका लाल बैलापुढे उभी राहिले. ज्यानं तो काढला होता त्यानं पाठीची रेघ शेपटापर्यंत एका दमात ओढली होती. कुठे थांबला नाही, कुठे चाचरला नाही. मी म्हटलं, हा कोण माझ्याहून चांगला? तेव्हापासून मी त्याच्या मागावर आहे.

माझा कायदा एकच. दगडाला हात लावायचा नाही. पारदर्शक प्लास्टिकचा ताव बांबूच्या चौकटीवर ताणायचा, चौकट दगडापासून बोटभर दूर धरायची, एक डोळा मिटायचा आणि तावावर मार्करनं रेघ गिरवायची. बोटभर म्हणजे बोटभर. 

बोरखळीच्या कपारीत चौकट धरायला रुपराव होते, आमचे जीपवाले.

“बाई, हात भरून आले ना माहे.”

“श्वास सोडा. हात सोडू नका.”

“तुमी मानसाले बी दगडच समजता.”

“दगड बरा असते, रुपराव. कुरकुरत नाही.”

बोरखळीला एक बैल होता. त्याच्याखाली हातात हात धरून नाचणारी माणसांची ओळ. आणि सगळ्यांच्या वर एक पंजा, ओल्या गेरूत बुडवून दगडावर टेकवलेला. डावा हात, लहानसा, बाईचा असावा. संग्रहालयात नवं दालन होणार होतं आणि त्यांना बोरखळीची अख्खी भिंत हवी होती, मूळ मापात. माझ्याशिवाय कोण करणार? त्यांनाही ते ठाऊक होतं.

२

ताव घरी आला की त्यावरून मी रेघा बटर पेपरवर घेते, रेघेवर सुईनं भोकं पाडते, तो कागद ताणलेल्या कापडावर लावते आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून आपटत जाते. कागद काढला की कापडावर ठिपक्यांचं चित्र उरतं. मग कुंचला.

भोकं पाडताना एक खोट दिसली. नाचणाऱ्या प्रत्येक माणसाची रेघ डोक्यामागे, कानाच्या जागी, बोटभर तुटलेली होती. प्रत्येकाची. बैल तेवढा अखंड. म्हटलं, पोपडे उडाले असतील. पाट्या रंगवलेल्या माणसाला तुटकं अक्षर बघवत नाही. मी सगळ्या रेघा जोडून टाकल्या.

भोकं पाडलेला कागद दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. म्हणून उजव्या हाताला वरच्या कोपऱ्यात मी लाल दोरा बांधून ठेवते. कागद लावायला घेतला तर दोरा नाही.

शेजारची सुभद्रा दारात बसून लसूण सोलत होती. आमचं नातं असं की ती मला टोमणे मारते आणि मी तिच्याशिवाय चहा पीत नाही.

“सुभद्रे, इथला लाल दोरा कुठे गेला वं?”

“तो व्हय? कुरड्याच्या डब्याले बांधला. झाकन राहत नोतं.”

“माझी निशाणी होती ते!”

“मंग आनू का सोडून? कुरड्या सादळतीन.”

“राहू दे. मले दोरा कायले लागते? माझा डोळा आहे.”

“हाव बाई, तुह्या डोळ्यानंच तं सूर्य उगवते.”

मी कागद उचलला, लावला आणि पुरचुंडी आपटायला सुरुवात केली.

३

मे महिन्यात नागपुरात कूलरशिवाय कुणी बसत नाही. मला बसावं लागतं. कूलरच्या ओलाव्यानं डिंक वाळत नाही आणि रंग ओघळतो. म्हणून समोरच्या खोलीत मी कूलर बंद ठेवते, पदर कमरेला खोचते आणि घाम पुसत कुंचला चालवते. चित्राची चौकट भिंतीला टेकून उभी, तिच्यासमोर बाज आणि बाजेखाली माठ. एवढीच ती खोली.

बैल रंगवून झाला त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी घाम पुसलेला नाही.

खोली गार होती. पाणी मारलेल्या खसाच्या ताट्यांचा गारवा ओला असतो. हा कोरडा होता, मुरलेला, दगडाच्या पोटातला. आणि वास होता. वटवाघळं राहतात तिथे येतो तसा, अगदी पुसट.

मी डोकं चालवणारी बाई आहे. आधी वाटलं, शेजाऱ्यांची टाकी पाझरत असेल. बाहेर जाऊन भिंतीला हात लावला तर तळहात भाजला. कडुनिंबाची सावली असेल म्हणावं, तर ती अंगणाच्या पलीकडे पडली होती. मग म्हटलं, वय झालं, रक्त थंड पडत असेल. हे मला आवडलं नाही, म्हणून खरं असेल असं वाटलं.

तेवढ्यात सुभद्रा आली आणि उंबरठ्यातच थबकली.

“अव माय! चोरून एसी बसवला काय वं?”

“कुठला एसी? पाह्य चारी भिंती.”

तिनं पाहिल्या. मग बाजेवर बसली, पाय वर घेतले आणि अंग सैल सोडलं. तिच्या घरी एकच कूलर, तो मुलाच्या खोलीत. सुभद्रा दुपारभर स्वयंपाकघराच्या फरशीवर ओलं फडकं अंगावर घेऊन पडायची. तिला मी काय उठ म्हणणार?

“अंजने, म्या आता रोजच येईन,” ती डोळे मिटूनच म्हणाली. “तुहा बैल हवा घालून राह्यला मले.”

त्या दिवसापासून ती रोज यायची. चित्राकडे तोंड करून कुशीवर झोपायची आणि मेल्यासारखी झोपायची. एरवी मांजर चाललं तरी उठणारी बाई.

४

मी आत चहा ठेवत होते तेव्हा आवाज आला.

चुंईऽऽ.

ताणलेल्या प्लास्टिकवरून मार्कर ओढला की हा आवाज होतो. आधी बारीक, वळणावर जरा चढतो, रेघ संपली की तुटतो. मी तो आयुष्यभर ऐकत आले आहे. माझे मार्कर डब्यात होते, डबा माझ्यासमोर फळीवर होता आणि तावाची गुंडाळी आतल्या खोलीतल्या खाटेखाली.

चुंईऽऽ. थांबलं. पुन्हा चुंईऽऽ, लांबलचक, संथ. घाई नव्हती. चांगला हात होता. हे मला पहिल्यांदा सुचलं, भीती नंतर वाटली.

बाहेर आले. सुभद्रा झोपलेली. आवाज बंद.

पाल असेल, मी म्हटलं. पण पाल रेघ ओढत नाही.

सुभद्रा उठून चहाला बसली तेव्हा मला तिच्या कानामागे लाल दिसलं. केसाएवढी बारीक रेघ, कानाच्या पाळीमागून निघून मानेवर उतरलेली.

“गेरू लागला तुले.”

“तुह्या घरात मानसाले दुसरं काय लागनार?” तिनं पदरानं पुसलं. रेघ तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी रेघ खांद्यावर आली होती. मग दंडावरून कोपराला वळसा घालून मनगटावर. मी तिचा हात उजेडात धरला. रेघ करंगळीच्या कडेनं चढली होती, टोकाशी वळली होती, दुसऱ्या बोटात उतरली होती. पाचही बोटं. कुठे थरथर नाही, कुठे गाठ नाही.

“घासून पाह्यलं म्या,” सुभद्रा म्हणाली, “साबन लावला, राख लावली. जात नाही. खाजतही नाही. काय रंग वापरते वं तू?”

मी रॉकेलचा बोळा घेऊन घासलं. कातडी लाल झाली आणि रेघ त्याहून लाल होऊन वर राहिली.

माझा रंग डिंकाचा. पाण्यानं जातो. हे मी तिला सांगितलं नाही.

५

संग्रहालयाची मिनल आली. दालन तिच्या हाती होतं. पोरगी हुशार, डोंगर चढणारी, आणि माझ्याशी बोलताना आधी पाण्याचा पेला रिकामा करणारी. चित्र पुरं झालं होतं. ती बराच वेळ बघत राहिली, मग तिनं फोनवर कपारीतला फोटो उघडला आणि एकदा फोनकडे, एकदा कापडाकडे पाहिलं.

“अंजनाबाई, रागावू नका.”

“रागावण्यासारखं बोलू नको म्हणजे झालं.”

“चित्र उलटं आहे.”

“काय?”

“भिंतीवर पंज्याचा अंगठा उजवीकडे आहे. तुमच्याकडे डावीकडे. बैलाचं तोंडही...”

मी तिच्या हातातून फोन ओढून घेतला. मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. तिच्या फोनला नावं ठेवली, तिच्या विद्यापीठाला ठेवली.  मी थांबले तेव्हा तिनं मला दुसरा फोटो दाखवला. रुपराव दगडाकडे तोंड करून चौकट धरून उभे, आणि बैलाचं तोंड रुपरावांच्या उजव्या खांद्याकडे. माझा बैल डावीकडे बघत होता.

इतके दिवस मला ते दिसलं नाही, याचं कारण आहे. दुकानाच्या काचेवरची अक्षरं आतून रंगवतात, म्हणजे पावसापाण्यानं रंग जात नाही. आतून काढायची तर उलटी काढावी लागतात. माझं निम्मं आयुष्य उलटं लिहिण्यात गेलं. उलटं मला उलटं दिसतच नाही.

“होतं असं,” मिनल हळूच म्हणाली. “पुन्हा काढायला वेळ आहे आपल्याकडे.” मग दंड चोळत म्हणाली, “इथं किती गार आहे हो.”

६

ती गेल्यावर मी चित्रापुढे उभी राहिले.

काचेवर उलटं काढलेलं कुणासाठी असतं? बाहेरच्यासाठी. बाहेर रस्ता असतो, ऊन असतं, येणारे जाणारे असतात. त्यांना ते सुलटं दिसतं. उलटं दिसतं ते फक्त दुकानात बसलेल्याला.

मी पंज्याकडे पाहिलं. कुणी दगडावर डावा हात टेकला तर बाहेरून त्याचा अंगठा उजवीकडे दिसतो. डावीकडे दिसायचा असेल तर बघणाऱ्यानं कुठे उभं राहावं लागेल?

दगडाच्या आत.

माझी खोली आत होती. बाज, माठ, मी आणि सुभद्रा, आम्ही आत होतो. कापडाच्या पलीकडे बाहेर होतं. आणि बाहेर कुणीतरी ताव ताणून, बोटभर अंतर राखून, एक डोळा मिटून, आमचं चित्र उतरवत होतं.

याला मी मूर्खपणा म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. खोलीत आवाज घुमला. दहा बाय बाराच्या खोलीत, पत्र्याच्या छताखाली, आवाज कपारीत घुमतो तसा घुमला.

सुभद्रा संध्याकाळी आली तेव्हा मी तिला दारातच अडवलं. तिची रेघ आता पावलांवरून फिरून दुसऱ्या अंगानं वर चढली होती. बगलेपर्यंत आली होती. चित्र कधी पुरं होतं? रेघ जिथून निघाली तिथं परत येऊन मिळते तेव्हा. ते पाट्या रंगवणाऱ्या पोरालाही कळतं. पुरं झालेलं चित्र गुंडाळतात आणि घेऊन जातात. तेही कळतं.

“उद्यापासून इथं झोपायचं नाही,” मी म्हटलं.

“काहून?”

“मी सांगून राहिली म्हणून.”

“दोऱ्यासाठी रुसली काय वं? एवढ्याशा दोऱ्यासाठी? घेऊन जाय तुहा दोरा!”

“दोरा घाल चुलीत. तू या खोलीत यायचं नाही.”

   ती तशीच वळली आणि भर उकाड्यात आपल्या घरी गेली.

७

दुसऱ्या दिवशी मी नवा मांजरपाट आणायला इतवारीत गेले. उलटं चित्र उतरवून टाकायचं, नवं सुलटं काढायचं, असं ठरवलं होतं. परत आले तर ऊन डोक्यावर होतं, रस्ते ओस पडले होते आणि माझं दार नुसतं लोटलेलं होतं. माझी एक किल्ली सुभद्राकडे असते.

ती बाजेवर झोपली होती, चित्राकडे तोंड करून. मुठीत लाल दोरा होता. तो परत द्यायला आली असणार, आणि गारवा लागून पडली असणार.

चुंईऽऽ.

या वेळी तो माझ्यासाठी थांबला नाही.

रेघ तिच्या मानेवर होती आणि मी बघत असतानाच सरकत होती. कुंचला नाही, हात नाही, नुसतं लाल टोक, हळूहळू कानाकडे चाललेलं. जिथून निघालं होतं तिथून चार बोटं दूर. मग तीन.

“सुभद्रे!”

मी तिला हलवलं. थोबाडीत मारली. माठातलं पाणी डोक्यावर ओतलं. डोळा उघडला नाही. अंग दगडासारखं गार. मी चित्र आणि बाज यांच्यामध्ये जाऊन उभी राहिले. तत्क्षणी माझ्या स्वतःच्या कानामागे काहीतरी टेकलं. थंड, ओलं, सुईच्या टोकाएवढं. आणि ते खाली सरकू लागलं.

मी घाबरले. हो, घाबरले.  पण घाबरता घाबरता त्या टोकाचा दाब मला कळला, आणि मला राग आला. हा दाब मी ओळखत होते. मी पण असाच देते. असाच श्वास धरते. आणि असा श्वास धरलेला असताना मला सगळ्यात जास्त कशाचा तिटकारा येतो?

समोरचं हललं की येतो. दगड हलत नाही म्हणून मी दगडाचं काम करते. एकदा रुपरावांच्या बकरूचं चित्र काढायला गेले होते, तर कागदाचे बोळे करून परत आले.

मी वळले आणि सुभद्राचं डोकं दोन्ही हातांनी गदागदा हलवलं.

रेघ चुकली. टोक कानाजवळून निसटलं आणि उशीवर गेलं. पांढऱ्या उशीवर लाल, वाकडा फराटा.

“चुकली!” मी ओरडले. “चुकली रे तुझी! खोड आता!”

पलीकडे शांतता झाली. तीसुद्धा मला ओळखीची होती. चुकलेल्या हाताची शांतता.

सुभद्रानं डोळे उघडले. “पानी कोनं टाकलं वं माह्यावर?”

“ऊठ. फुगडी घालायची आहे.”

“येडी झाली काय?”

“ऊठ म्हणते ना! अंग थांबवायचं नाही. हात धर!”

मी तिला ओढून उभी केली, हातांची कैची बांधली आणि फिरवली. दोन म्हाताऱ्या, भर दुपारी, ओल्या लुगड्यांनी, बाजेला आणि माठाला ठेचा खात. चुंई, चुंई, चुंई, मागून आवाज येत होता, तुटक, चिडलेला. रेघ तिच्या गालावर पडत होती, माझ्या मनगटावर, हवेत, जमिनीवर, आणि एकही जुळत नव्हती. सुभद्रा आधी बोंबलत होती, मग हसायला लागली, मग तिला दम लागला. तरी ती माझ्याहून जोरात फिरत होती. लग्नाआधी ती गावातल्या कुणाला हरत नव्हती, हे ती मला नेहमी सांगते. मला ते कधी खरं वाटलं नव्हतं.

किती वेळ फिरणार? तिचे पाय लटपटू लागले. फिरता फिरता मला कापड दिसत होतं. बैल. पंजा. मांजरपाट पातळ. या कापडातून गेरू मागे झिरपतो, म्हणून मी दुकानदाराला दर वेळी शिव्या देते. मागे झिरपतो! म्हणजे मागच्या बाजूला चित्र होतंच. सुलटं.

“सुभद्रे, चौकट धर तिकडून!”

“कायले?”

“उलटी करायची. म्हणजे आपण पुन्हा बाहेर. अंग हलवत राह्य आणि धर!”

तिनं धरली. डोलत, पाय आपटत, लाल दोरा अजून बोटाला गुंडाळलेला. आम्ही चौकट भिंतीपासून ओढली आणि माझी बाजू आधी सुटली. त्या फटीत मी पाहिलं.

तिथं माझी भिंत असायला हवी होती, खिळ्याला लटकवलेलं कॅलेंडर असायला हवं होतं. तिथं उतार होता आणि उतरत्या उन्हाचा उजेड. उजेडात कापडापासून बोटभर दूर धरलेला एक हात होता. फक्त बोटभर. त्यानं कापडाला स्पर्श केला नव्हता, एकदाही केला नसणार. इतका नेमका हात मी जन्मात पाहिला नाही. बाकी काय होतं ते मी पाहिलं नाही. पाहिलं असेल तरी सांगणार नाही.

“हात तुझा चांगला आहे,” मी म्हटलं, “पण ही बाई माझी आहे.”

आणि आम्ही चौकट फिरवली.

आधी वास गेला. मग ऊन आलं. दारातून, खिडकीतून, पत्र्यातून, भट्टीचं तोंड उघडल्यासारखं नागपूरचं ऊन आत घुसलं. क्षणात अंगावरचं पाणी घाम झालं. आयुष्यभर त्या उन्हाला शिव्या घातल्या. त्या दुपारी मी त्यात दोन्ही हात पसरून उभी राहिले.

“गरम होऊन राह्यलं,” सुभद्रा धापा टाकत म्हणाली. “कूलर लाव ना वं.”

मी कूलर लावला. जाऊ दे तो डिंक.

८

दालन उघडलं त्या दिवशी अर्धं हुडकेश्वर आलं होतं. रुपरावांनी जीपभर माणसं आणली. माझं बोरखळी पहिल्या भिंतीवर आहे, तेच फिरवलेलं कापड, बैल उजवीकडे बघणारा, पंज्याचा अंगठा उजवीकडे. चौकटीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात लाल दोरा बांधलेला आहे. तो काढायचा नाही, असं मी मिनलला बजावून ठेवलं आहे. मागच्या अंगाला संग्रहालयाची भिंत आहे, जाड सिमेंटची. बस म्हणावं तिकडे.

चित्र द्यायच्या आधी मी खाटेखालचा ताव पुन्हा उलगडला होता. नाचणाऱ्या माणसांच्या त्या तुटक्या रेघा भिंग लावून पाहिल्या. पोपडा उडाला की रेघेचं टोक फाटकं राहतं. ही टोकं गोल होती, सावकाश उचललेल्या हाताची. कुणीतरी प्रत्येक माणसापाशी कानामागे थांबलं होतं, एकेका माणसापाशी जाणूनबुजून थांबलं होतं. ज्याच्या मागावर मी इतकी वर्षं होते त्याला हे ठाऊक होतं. आणि मी शहाणी त्याच्या रेघा जोडत बसले होते.

कापडावर जोडलेली प्रत्येक जागा मी ओल्या बोळ्यानं उघडली. डिंकाचा रंग, लगेच गेला.

मिनलनं भाषणात ते दाखवलंसुद्धा. “या रेघा मुळातच अशा आहेत, हे अंजनाबाईंनी पहिल्यांदा नोंदवलं,” असं म्हणाली. टाळ्या पडल्या. मी हात जोडले नाहीत. मान हलवली. माझ्या हक्काच्या होत्या.

“पण काहून उघड्या ठेवल्या असतीन?” एका बाईनं सुभद्राला विचारलं. सुभद्रा पहिल्या रांगेत होती, नव्या लुगड्यात, हातांवरच्या बारीक लाल रेघा मिरवत. त्या जात नाहीत. विचारलं तर गोंदण आहे म्हणून सांगते. कानामागे जिथं ती रेघ मिळता मिळता राहिली, तिथं बोटभर कोरी कातडी आहे. त्यावर तिनं मोगऱ्याचा गजरा माळला होता.

“जायले यायले नको काय रस्ता?” सुभद्रा म्हणाली.

सगळे हसले. मी पण हसले, सगळ्यात मोठ्यानं. मग माझी नजर वर गेली. माणसं सगळी उघडी, नाचणारी, आपापल्या वाटेनं मोकळी.

बैलाची रेघ मात्र मुळातच बंद आहे, त्याला रस्ता नाही. ती मी उघडली नाही. जे जसं आहे तसंच काढायचं.